रविवारी गाणं, बाकी दिवस कुंडली

बाबा,

तुमचं मशीन मी उघडलं. तुम्ही असता तर उघडू दिलं नसतं, पण तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमची परवानगी मागायची सवयही गेली. डाव्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं आणि आतून जो वास आला तो सांगू का? उदबत्तीचा, जळक्या धुळीचा आणि मेलेल्या पालीचा. पाल खरोखरच होती. पंख्यामागे वाळून कागदासारखी झाली होती, शेपूट वायरीखाली अडकलेली. चिमट्याने ती ओढून काढली, अंगणात नेऊन टाकली, साबणाने हात धुतले, परत धुतले, आणि तरी जेवताना वरणालाही तोच वास येतोय असं वाटत राहिलं. आई म्हणाली, "एवढं काय त्यात? पाल तर पाल." तिला काही वाटत नाही. मला शिसारी आली, आणि ती फक्त पालीची नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी भोपाळहून आले ती याच कामासाठी. आईचा फोन आला होता, "तुझ्या बाबांचं मशीन आता ऐकूनच नाही राहिलं. मधेच आपोआप बंद पडते. आता तर कुंडली निघणंच बंद झालं. तू कॉम्प्युटरची मास्तरीण आहेस, एकदा येऊन पाहून जा, म्हणजे लोकांना सांगता येईल." मी कॉलेजात पोरांना हेच शिकवते, त्यामुळे मला या वाक्यात वावगं काही दिसलं नाही. तुमच्यामागे हेच मशीन आईचं काम झालं आहे. अधारताल, महाराजपूर, सिविल लाइंस, जबलपुरात जिथे जिथे आपली मराठी घरं आहेत तिथून जन्मवेळा येतात, पूर्वी चिठ्ठीवर यायच्या, आता फोनवर येतात, आणि आई कुंडल्या काढून, गुण जुळवून, कागद छापून देते. त्या प्रोग्रामला मागच्या बाजूला प्रिंटरची वायर लागते त्या जागी, वायरीच्या आधी, एक अंगठ्याएवढं लॉक लावावं लागतं. मशीनला ते लॉक दिसलं नाही तर प्रोग्राम तोंडच उघडत नाही. नव्या कॉम्प्युटरला ते लॉक लावायची जागा नसते, आणि प्रोग्राम विकणारा केव्हाच दुकान गुंडाळून गेला. म्हणजे हे मशीन गेलं की कुंडली गेली, आणि कुंडली गेली की आई रिकामी, आणि रिकामी बाई या वयात खचते. हे शेवटचं गणित माझं होतं. तुळशीचं लग्न झालं की लोकांची घाई सुरू होणार, त्याआधी आईचं काम वाचवायचं, असं ठरवून मी आले होते.

पण ते उघडल्यावर पहिला राग आला तो तुमच्यावर. आत सगळं लालपिवळं होतं. मदरबोर्डवर कुंकू, रॅमच्या खाचेत हळद, प्रोसेसरवरच्या पंख्यात कुंकू आणि तेल यांचा गच्च राडा, आणि सगळ्याच्या तळाशी अक्षतांचे तांदूळ, त्यांनाही बारीक किडे लागून गेलेले. मला तुमचा दसरा आठवला. लोक मशीनला बाहेरून हार घालतात, कपाटाला टिळा लावतात आणि गप्प बसतात. तुमचं तसं नव्हतं. तुम्ही झाकण काढायचे. "मुख्य भागाला लागलं पाहिजे, पत्र्याला लावून काय उपयोग?" असं म्हणून तुम्ही अनामिकेने पंख्याला हळद-कुंकू लावायचे, वरून अक्षता टाकायचे, आपट्याचं पान आत ठेवायचे, आणि मग आई, मी, सगळ्यांनी हात जोडायचे. संध्याकाळी मशीन सुरू केलं की पंखा ते कुंकू सगळीकडे उडवायचा. तुम्ही गेल्यावर आईने ते चालू ठेवलं, कारण तुम्ही करत होते. दरवर्षी थोडं थोडं कुंकू, दरवर्षी थोडी जास्त गरमी, आणि मग लोक म्हणतात मशीन जुनं झालं म्हणून बंद पडतं. जुनं नाही झालं बाबा, त्याचा श्वास कोंडला.

तुम्हाला हे वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे. सिविल लाइंसमधल्या तुमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी काचेची खोली केली, एसी लावला, आणि साहेबसुद्धा बूट काढून आत जायचे. तुमच्यासारख्या बाबू लोकांना आत प्रवेश नव्हता. तुम्ही डबा खाताना काचेतून ते बघत बसायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे. रिटायर झाल्यावर तुम्ही मागच्या खोलीत आपली काचेची खोली केली, काच सोडून. चपला बाहेर. पाय धुवून आत. आईने ओल्या पदराने तिकडे फिरकायचं नाही. बाहेरच्या माणसाने टेबलापासून हातभर लांब उभं राहायचं. मी हसले की तुम्ही रागवायचे. आज माझ्या लॅबमध्ये पोरं कीबोर्डवर समोसे खातात. तुम्ही ते पाहिलं असतं तर तुम्हाला घेरीच आली असती.

आणि मशीन काय होतं? अठरापगड. डबा एकाचा, बोर्ड दुसऱ्याचा, हार्ड डिस्क कुणाच्या तरी बंद पडलेल्या दुकानातली. नवं एकाच ठिकाणी घेणं म्हणजे तुमच्या मते लुटून घेणं. गोहलपूरच्या गल्ल्या पालथ्या घालून तुम्ही एकेक वस्तू आणायचे, आणि घरी आल्यावर त्यांचं एकमेकींशी पटायचं नाही. मग मशीन मधेच गप्प व्हायचं, निळा पडदा यायचा, आणि तुम्ही त्याच्या डब्यावर थाप मारायचे. थापेने ते कधी कधी सुरूही व्हायचं, आणि मग तर तुम्हाला कोणी काही सांगायची सोयच नसायची.

पहिल्या दिवशी प्रोग्राम चालतो की नाही हे बघायला तुम्ही माझी जन्मवेळ टाकली. तो दिवस मला स्वच्छ दिसतो आहे. प्रिंटर कर्रकर्र करतो आहे, तुम्ही कागद धरून उभे आहात, आई दारात पाय धुवून उभी आहे. कागद बाहेर येतो. त्यावर मंगळ आहे, चांगला कडक. आई वाचते आणि पदर तोंडाला लावते. तुम्ही टाळी वाजवता. "पाहिलं? एका झटक्यात निघाली! प्रिंटरबी चालला!" तुम्हाला मंगळ दिसलाच नाही बाबा. तुम्हाला प्रिंटर दिसला. नंतर तोच कागद घेऊन तुम्ही स्थळांच्या घरी गेले, आणि लोकांनी तो बरोबर वाचला. मी लग्न केलं नाही, त्याचं मला आता काही वाटत नाही, माझं बरं चाललं आहे. पण ती टाळी मला अजून ऐकू येते आणि अजून वीट येतो. कोणी म्हणालं की पत्रिकेवर इतकं काय जाता, तर तुमचं ठरलेलं उत्तर असायचं, "मशीन खोटं नाही बोलत." अहो, त्या मशीनची आतली बॅटरी केव्हाच मेली होती. रोज सकाळी सुरू केलं की ते समजायचं आज एक जानेवारी आहे, आणि वर्षही कुठलंतरी जुनंच. आई रोज हाताने तारीख भरत आली आहे. ज्याला आजची तारीख माहीत नाही ते लोकांच्या पोरींचं पुढचं आयुष्य सांगत बसलं होतं, आणि अख्खा समाज रांगेत उभा होता.

गाण्याची गोष्ट तुम्हाला आठवते का? मामांनी नागपूरहून आईला जुन्या गाण्यांची सीडी आणली होती. मशीनला आवाज नव्हता. तेव्हा तुम्ही, कबूल करते, स्वतः होऊन गोहलपूरहून एक जुनं साउंड कार्ड आणि दोन लहानसे स्पीकर आणले. रविवार होता. तुम्ही कार्ड बसवलं, सीडी घातली. आई मेथी निवडत होती. गाणं सुरू झालं तशी ती मेथीची काडी हातात तशीच धरून दारात येऊन उभी राहिली, चप्पल काढून, पाय न धुता, आणि तुम्ही तिला काही बोलले नाहीत. ती बारीक आवाजात मागून म्हणत होती. आई गाते हे मला तोवर माहीतच नव्हतं. सोमवारी तुम्ही कुंडली काढायला बसले तर मशीनला लॉकच दिसेना. तुमचा चेहरा पांढरा पडला. कार्ड उपटून काढलं, लॉक दिसायला लागलं. परत घातलं, परत गेलं. झालं, तुमचा नियम तयार झाला: रविवारी गाणं, बाकी दिवस कुंडली. शनिवारी संध्याकाळी पेचकस घेऊन, पेच खोलून तुम्ही कार्ड आत घालायचे, रविवारी झोपायच्या आधी बाहेर काढायचे. मग लोक रविवारीही यायला लागले, कारण लोकांना सुट्टी रविवारीच असते. कार्ड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गेलं आणि तिथेच राहिलं. आईने काही म्हटलं नाही. तिने कधी काय म्हटलं होतं?

गोष्ट एवढीशी होती बाबा. मशीनमधल्या एकेका भागाला प्रोसेसरला हाक मारायला एक नंबर दिलेला असतो. प्रिंटरच्या जागेचा, म्हणजे त्या लॉकचाही, नंबर सात. तुमच्या कार्डाचाही सातच. दोघांनी एकाच नंबरवरून हाक मारली की मशीनला कळत नाही कोण बोलतंय. त्या कार्डावर काही पिना असतात आणि त्यावर एक छोटी काळी टोपी बसवलेली असते. ती सातच्या पिनेवरून काढून पाचवर बसवली की भांडण मिटलं, गाणंही चालतं आणि कुंडलीही. मी हे कॉलेजात शिकले आणि धावत घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चार बुकं काय वाचली, बापाला शिकवून राहिली? चालत्या मशीनला हात नाही लावायचा. दोन कामं एका वेळी कोणाचीच धड होत नाहीत." आई तिथेच होती, तुमच्यापुढे चहा ठेवत होती. मी रागाने तिथून उठले, तुम्ही चहा पिऊन नवी कुंडली काढायला घेतली. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही तोच पिवळ्या मुठीचा पेचकस माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "घे, तुझ्या कामाचा आहे." म्हणजे काय समजायचं होतं मी, तुमचं तुम्हाला माहीत.

त्याच पेचकसाने मी आता सगळं खोललं. ब्रशने, स्पिरिटने, कापसाने एकेक खाच पुसली. कापूस लाल, पिवळा, काळा होऊन निघत होता आणि मला मळमळत होतं. पंखा वेगळा काढून धुतला. तरीही मशीन मधेच बंद पडायचं, कारण तुम्ही त्यात दोन रॅम घातल्या होत्या, दोन वेगळ्या चालीच्या. एक काढून गोहलपूरला गेले. तुमचा दुकानदार अजून तिथेच आहे, आता केस पांढरे आणि चष्मा जाड. रॅम हातात धरून हसायला लागला. "बिटिया, ये तो म्यूज़ियम का माल है। आपके बाबूजी भी ग़ज़ब आदमी थे, चार दुकान का सामान एक डिब्बे में लड़वाते थे। हम बोलते थे बाबूजी, जोड़ी का लो, तो बोलते थे चलो भैया, जो है दे दो, घर जाके पट जाएगी।" मी हसले नाही. जोडीची रॅम, नवी बॅटरी घेतली आणि निघाले.

परत येताना गल्लीच्या तोंडाशीच होते तर आई फोनवर कुणाशी तरी बोलत असलेली ऐकू आली. फोन तिने बाहेरच्या पायरीवर बसून आवाज मोठा करून लावला होता, तिला कमी ऐकू येतं. पलीकडे एक बाई लाडिक आवाजात सांगत होती, "काकू, मुलगी तशी चांगलीच आहे हो, पण आमच्या मुलाच्या मनात नाही. आता पाहून झाल्यावर तोंडावर नाही कसं म्हणायचं? तुम्ही जरा गुण कमी निघतील असं काही पाहा ना. वेळ पाचदहा मिनिटं इकडेतिकडे. तुमच्या कागदावर 'नाही' आलं की कोणी बोलत नाही." आई म्हणाली, "मशीन बंद आहे जी सध्या." "मुलगी आली आहे ना तुमची? ती करेल की सुरू!" मला त्या बाईची किळस आली, पालीहून जास्त. मी आईला म्हटलं, अशा लोकांना सरळ हाकलत का नाहीस? ती म्हणाली, "कोणाकोणाला हाकलू? तुझ्या बाबांच्या ओळखीचे आहेत सारे. चल, हातपाय धू, भात वाढते."

संध्याकाळी मी नवी रॅम बसवली, बॅटरी बदलली. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं, एकदाही गचकलं नाही. तारीखही नीट धरून ठेवली. पण कुंडलीचा प्रोग्राम मात्र तेच म्हणत होता, लॉक सापडत नाही. पुन्हा आत बघितलं तर खालच्या खाचेत साउंड कार्ड बसवलेलं; त्यावर पुसायला काही नव्हतं, म्हणून साफ करताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. मला वाटलं शेवटच्या कुठल्यातरी रविवारी तुम्हीच ते काढायला विसरले असाल. माझी अक्कल बघा. सगळ्या बोर्डावर बोटभर कुंकवाची धूळ होती आणि ते कार्ड तेवढं स्वच्छ होतं, पुसून ठेवल्यासारखं, आणि ते आत असताना इतकी वर्षं कुंडल्या निघाल्या तरी कशा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी जुन्या भांडणात रमले होते. इतक्या वर्षांनी मला तुम्हाला दाखवून द्यायचं होतं. मी कार्ड काढलं, चिमट्याने टोपी सातवरून उचलून पाचवर बसवली, कार्ड परत घातलं, सॉफ्टवेअरलाही तसं सांगितलं. सीडी घातली. गाणं सुरू. गाणं चालू असतानाच कुंडलीचा प्रोग्राम उघडला. लॉक दिसलं. प्रिंटर कर्रकर्र करायला लागला. रविवार आणि सोमवार एका वेळी! मी ओरडले, "आई, झालं! दोन्ही चालतात! बाबांना मी तेव्हाच म्हटलं होतं!"

आई दारात आली. चप्पल काढलेली, पाय धुतलेले. तिने गाणं ऐकलं आणि मग प्रिंटर ऐकला, आणि तिचा चेहरा पडला. मी आयुष्यात आईला दुःखी पाहिलं आहे, रागावलेली क्वचित पाहिली आहे, पण इतकी थकलेली कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "काहून सुधारलंस?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ती पलंगावर बसली आणि गुडघे चोळायला लागली. "ते कार्ड मी घातलं होतं," ती म्हणाली. "तुझे बाबा घालायचे ते पाहतच होती ना मी इतकी वर्षं. डब्यातून काढलं, फडक्याने पुसलं, सुरीच्या टोकाने पेच खोलला अन् दाबून बसवलं. हे म्हणायचेच, हे आत गेलं का कुंडली बंद. म्हटलं, होऊ दे बंद." मी विचारलं, मग मला कशाला बोलावलं? ती म्हणाली, "लोक ऐकून नव्हते राहिले ना. रोज विचारायचे, मुलीला दाखवलं का, मुलीला दाखवलं का. तू येऊन पाहून 'नाही होत' म्हणाली असती, तर मानले असते. तू ते टोपीचं तेव्हा म्हणाली होतीस, ते मला आठवून राहिलं होतं. पण वाटलं, एवढ्या वर्षांत तू विसरली असशील."

मग तिने मला एका मुलीचं सांगितलं. गल्लीच्या टोकाला राहते, शाळेत शिकवते, तिचं सगळं ठरत आलं होतं, दोघांनाही पसंत होतं, आणि आईने छापून दिलेल्या कागदावर मोडलं. "आपल्या दारात येऊन उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. म्हणे, काकू, परत एकदा काढून पाहता? मी परत काढली. तेच निघालं. तिने मला नमस्कार केला अन् गेली." आईने प्रिंटरकडे बोट दाखवलं. "तुझा कागद निघाला तेव्हा मी तशीच दारात उभी होती, तुला आठवते? तेव्हापासून मला त्या कर्रकर्र आवाजाची मळमळ आहे. अन् तेच काम मी करून राहिली. लोकायच्या पोरी नापास करून राहिली, तुझ्या बाबांनी बसवून दिलं म्हणून. मला नाही म्हणता येत नाही ना कोणाला." आमच्या घरात नाही म्हणायचा अधिकार फक्त मशीनला होता बाबा. ते लॉक सापडत नाही म्हणालं की तुम्हीसुद्धा गप्प बसायचे. म्हणून आईने आपलं 'नाही' त्याच्या तोंडून वदवलं. आणि मी भोपाळहून आले, खाच न् खाच कोरून मशीन साफ केलं आणि तिचं 'नाही' पुसून टाकलं.

तोवर मला वाटत होतं मळमळ माझी एकटीची आहे. मी बाहेर निघून गेले, नोकरी केली, माझी मळमळ मोकळी झाली. आई त्याच खोलीत राहिली, पाय धुवून आत जात राहिली, तारीख भरत राहिली, पंख्याला कुंकू लावत राहिली. तुमच्यावरचा माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. फक्त आता तो माझ्या मंगळापुरता राहिलेला नाही. तुम्ही वाईट होते असं मी म्हणत नाही. साउंड कार्ड तुम्हीच आणलं होतं. पण ते डब्यात घालणारेही तुम्हीच.

मी मशीन बंद केलं, झाकण परत काढलं. आई म्हणाली, "काय करून राहिली आता?" मी म्हटलं, बघ तू. कार्ड बाहेर ओढलं, चिमट्याने टोपी पाचवरून उचलली आणि सातवर दाबून बसवली. तुमच्याच पेचकसाने कार्ड परत कसलं. मशीन सुरू केलं. गाणं सुरू झालं. कुंडलीचा प्रोग्राम उघडला, लॉक सापडत नाही म्हणाला. मी दुसऱ्यांदा उघडून दाखवला, परत तेच. आईने पाय पलंगावर घेतले आणि उशीला टेकून बसली. असं पाय वर घेऊन त्या खोलीत बसलेलं मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

आज सकाळी त्या बाईचा फोन परत आला. मी ओट्यापाशी मटार सोलत होते. आतून गाणं चालू होतं. आई फोनवर ठणठणीत आवाजात सांगत होती, "नाही हो जी, गेलं ते मशीन. मुलीला दाखवलं ना! भोपाळला कॉम्प्युटरच शिकवते ती. दोन दिवस खपली बिचारी, पण तिलाही नाही जमलं." पलीकडून काहीतरी आलं असावं, कारण आई म्हणाली, "अच्छा? तसं असेल बाई. शिकवणं वेगळं, अन् येणं वेगळं." आणि मग माझ्याकडे बघून तिने डोळा मारला. माझ्या आईने, बाबा.

आता अख्ख्या जबलपुरात ही बातमी पसरेल की तुमच्या पोरीला तुमचं मशीन दुरुस्त करता आलं नाही. पसरू दे. तुम्हाला ती कळली असती तर तुम्ही म्हणाले असते, मी तेव्हाच सांगितलं होतं, हात लावू नको. हे पत्र तुम्हाला कुठे पाठवायचं हे मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण टोपी मी कुठे बसवली आहे हे तुम्हाला कळलं असतं आणि कुंडली परत सुरू झाली असती. एकच गोष्ट लिहून ठेवते, आईलाही सांगितलेली नाही. ती आत झोपली आहे, सीडी संपली आहे, आणि ती परत लावायला मी आता मशीनपाशी गेले, तेव्हा पाहिलं तर माझ्या चपला दाराबाहेर होत्या आणि माझे पाय धुतलेले होते.